बाकावरची चार वर्षं

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन किंचाळला. लेकीला टाइप वन डायबेटिस आहे, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला. सेन्सरवर ५४, बाण खाली. साखरेच्या गोळ्यांची डबी घेऊन मी लेकीच्या पलंगाशी पोचले तर ती गाढ झोपलेली. कपाळ कोरडं, हात कोमट, श्वास शांत. चार वर्षांत एक गोष्ट अंगवळणी पडली आहे, खरा हायपो, म्हणजे साखर फार उतरलेली, असला तर तिच्या मानेला हात लावताच कळतं, ओलसर लागते. म्हणून त्या रात्री गोळी तोंडात घालण्याआधी बोट टोचून मीटरवर बघितलं. १३१.

त्याआधीच्या तीन रात्री मी हे केलं नव्हतं. अलार्म झाला की गोळ्या चारायच्या आणि सकाळी २८० दिसली की स्वतःवर चिडत इन्सुलिन वाढवायचं, असं चाललं होतं. चौथ्या रात्री उजेड पडला. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, त्यामुळे ती फक्त डाव्या कुशीवर झोपू शकत होती. सेन्सर डाव्या दंडाच्या मागे. अंगाखाली सेन्सर दाबला गेला की त्या जागेचं द्रव बाजूला सरतं आणि त्याला साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते. कूस बदलली की दहा-पंधरा मिनिटांत आकडा आपोआप वर. तिची साखर उतरलीच नव्हती. डॉक्टरांना विचारून पुढचा सेन्सर दुसऱ्या जागी लावला.

प्लास्टरने असे बरेच बारीकसारीक घोटाळे केले. ती स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचायला नुकती शिकली होती, ते सुटलं. एका हाताने बोट टोचून थेंब पट्टीला लावून बघा, म्हणजे कळेल. शिवाय मोडलेल्या हाडाच्या वेदनेने आणि ताणाने पहिला आठवडाभर साखर चढीच होती. पण हे सगळं निस्तरता येण्यासारखं होतं. खरा प्रश्न पुढच्या तपासणीत आला.

दर तीन महिन्यांनी डायबेटिसच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. ते एरवी मागच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा आकडा (एचबीए१सी) बघतात, पोटावरच्या नि मांडीवरच्या टोचायच्या जागा चाचपून गाठी झाल्यात का बघतात, उंची-वजन आलेखावर मांडतात. यावेळी त्यांनी आधी प्लास्टरकडे बघितलं.

"हे कितवं?"

"दुसरं. दोन वर्षांपूर्वी डावं मनगट."

"कुठून पडली?"

"कुठून नाही, घरातच. पायरीवर अडखळली आणि हात टेकला."

"खेळते भरपूर?"

"छे. खेळत नाही, म्हणून तर आश्चर्य वाटतं."

ते लिहीत होते, ते थांबले. "खेळत नाही म्हणजे?"

मग मला ते सांगावं लागलं. लेक सात वर्षांची असताना निदान झालं. दोन आठवड्यांत वजन चार किलो उतरलं होतं, रात्रीतून पाच वेळा लघवी, आणि शेवटी कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं, वाढून थेट अतिदक्षता विभाग. घरी आलो तेव्हा आमची भीती एकच होती, हायपोची. पळापळ केली की साखर उतरते एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. त्या भरात मी शाळेला पत्र दिलं की पुढची सूचना मिळेपर्यंत हिला खेळाच्या तासाला बसवून ठेवावं. पुढची सूचना मी कधी दिलीच नाही. शाळेनेही विचारलं नाही. चार वर्षं ती खेळाच्या तासाला मैदानाकडेच्या बाकावर बसून इतरांच्या बाटल्या सांभाळत होती. मला हे माहीत होतं आणि मला त्यात बरंच वाटत होतं, हे इथे प्रामाणिकपणे लिहिते. घरी आम्ही तिला संध्याकाळी चालायला न्यायचो आणि व्यायाम झाला असं समजायचो.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर एक कमान काढली. म्हणाले, आयुष्यभराच्या हाडाची जमा बहुतेक सगळी विशीच्या आत होते, सुमारे नव्वद टक्के. त्यातलाही मोठा वाटा वयात येतानाच्या थोड्या वर्षांत. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण बारा वर्षांच्या आसपास, आणि हाडात खनिज भरण्याचा जोर त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने येतो. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं पण भरलेलं नसतं. म्हणून त्या वयात मनगटाजवळची हाडं सगळ्याच मुलांची जास्त मोडतात, डायबेटिस असो वा नसो. "तेव्हा पहिल्या वेळी हाडांच्या डॉक्टरांनी 'मुलं पडायचीच' म्हटलं ते चुकीचं नव्हतं," ते म्हणाले. "पण हिच्या बाबतीत आपल्याला एवढ्यावर सोडता येणार नाही."

मला तोवर इन्सुलिन म्हणजे साखर पेशीत ढकलणारी किल्ली, एवढंच ठाऊक होतं. निदानाच्या वेळी तसंच समजावतात. पण ते शरीराला बांधायला लावणारं संप्रेरकही आहे. स्नायूतली प्रथिनं टिकवणं, हाड रचणाऱ्या पेशींना कामाला लावणं, हेही त्याचंच. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि तिथे वाढीचा एक घटक, आयजीएफ-१, तयार व्हायला मदत करतं. आपण त्वचेखाली टोचतो ते इन्सुलिन यकृताला तेवढ्या प्रमाणात मिळत नाही, त्यामुळे टाइप वनच्या मुलांमध्ये हा घटक कमी असू शकतो. त्यात साखर सतत चढी राहिली की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. हाडाची मोडतोड-बांधणी चालूच असते, तिचा वेग मंदावतो. निदानाच्या वेळी तिचे जे चार किलो गेले ते नुसतं पाणी आणि चरबी नव्हती, स्नायूही होता. वजन महिन्याभरात परत आलं. स्नायू परत आला का, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

मी घाबरून विचारलं, म्हणजे हिची हाडं ठिसूळ झालीत? त्यांचं उत्तर मला आवडलं कारण ते गुळमुळीत नव्हतं. लहानपणी टाइप वनमुळे हाड मोडायची जोखीम थोडी वाढते, फार नाही. खरी तफावत दिसते ती पुढे मोठेपणी, खुब्याच्या हाडात, आणि तिथे ती काही पटींनी असते. "आत्ताची घाई पन्नाशीतल्या हाडासाठी आहे."

त्यांनी तिला हात जोडायला सांगितले. उजवा प्लास्टरमधून जेमतेम बोटं बाहेर काढलेला, त्यामुळे ते पुढच्या वेळेवर ढकललं. मग मला कळलं की तळवा तळव्याला पुरता टेकतो का, बोटांमध्ये फट राहते का, हे ते दरवेळी बघायचेच. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर सांध्यांभोवतीच्या ऊती घट्ट होतात आणि हात सपाट जुळत नाहीत. मी एवढी वर्षं समजत होते की ते तिच्याशी खेळतायत. पाठीच्या कण्यावर मणकान्‌मणका बोट ठोकून दुखतं का विचारलं, कारण मुलांमध्ये मणका दबला तरी कधी कधी कुणाला पत्ता लागत नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. व्हिटॅमिन डी १४ आलं, म्हणजे कमी. थायरॉइड ठीक. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) चाचणीही केली, कारण टाइप वनच्या मुलांत तो आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि पोटाची तक्रार नसतानाही आतून अन्नातलं कॅल्शियम नीट शोषू देत नाही. ती चाचणी निगेटिव्ह आली तेव्हा मी गाडीत बसून रडले. एका आजाराचं पथ्य पुरे झालं होतं. सरासरी मात्र ८.९ होती. ती ७ च्या खाली हवी हे आम्हाला चार वर्षं माहीत होतं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, तो वेगळाच लढा आहे.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन प्लास्टर निघाल्यावर केला. अख्ख्या शरीराच्या चित्रात प्लास्टर आलं तर मोजमाप बिघडतं. आधीच्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवायला सांगितली होती. आमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात एक्स-रेच्या आधी काढा असं लिहिलंय, म्हणून सेन्सर संपण्याच्या दिवशीचीच वेळ घेतली. एक सेन्सर वाचला. ज्यांच्या घरी हे चालतं त्यांना यातला आनंद कळेल.

स्कॅन म्हणजे काहीच नाही. सपाट गादी, वरून एक हात सावकाश सरकत जातो, बोगदा नाही, आवाज नाही. क्ष-किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. फक्त हलायचं नाही. तिने विचारलं, श्वास घेतला तर चालेल का? चालतो.

रिपोर्ट हातात आला आणि मी घरी येऊन जे करू नये ते केलं, स्वतःच वाचला. कण्याचा झेड-स्कोअर उणे १.६. मोठ्या माणसांच्या तक्त्याशी ताडून बघितलं आणि त्या रात्री झोप उडाली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी ते सगळं उलगडलं. मुलांसाठी मोठ्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण प्रौढांच्या हाडाशी केलेली तुलना, वापरतच नाहीत. त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी होते, तोच झेड-स्कोअर, आणि उणे २ ते अधिक २ हा अपेक्षित पट्टा. दुसरी गोष्ट उंचीची. डेक्सा हाडाची सावली मोजतो, जाडी मोजत नाही. लहान चणीच्या मुलाचं हाड लहान, म्हणून आकडा विनाकारण कमी दिसतो. लेक वयाच्या मानाने बुटकी आहे. उंचीचा हिशोब धरल्यावर उणे १.६ चा उणे १.१ झाला. आणि तिसरं, मुलांना 'ऑस्टिओपोरोसिस' (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) हे नाव नुसत्या आकड्यावरून देतच नाहीत. साध्या कारणाने मणका दबलेला असावा लागतो, किंवा आकडा उणे २ किंवा त्याखाली आणि जोडीला दहा वर्षांच्या आत लांब हाडांची दोन, अथवा एकोणिसाच्या आत तीन मोडतोडी. हिच्याकडे नऊ आणि अकराव्या वर्षीच्या दोन, आकडा पट्ट्यात. नाव लागत नव्हतं.

"मग औषध?" मी.

"व्हिटॅमिन डी भरून काढू. खाण्यातून कॅल्शियम. साखर. आणि तिला बाकावरून उठवा."

कॅल्शियमचं सांगते, कारण मी इथेही फसले होते. नऊ ते अठरा वयासाठी अमेरिकेतली शिफारस रोज १३०० मिलिग्रॅमची आहे. पावशेर दुधात साधारण ३०० असतं. आम्ही दुधातली साखर मोजावी लागते म्हणून हळूहळू दूधच कमी केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. एका पेल्यात बारा ग्रॅम कर्बोदकं, त्याचं इन्सुलिन, ते टाळलं की तेवढाच एक टोचा वाचला, असा आमचा हिशोब. दूध परत सुरू केलं, इन्सुलिनसकट.

प्लास्टर निघालं त्या दिवशीचा हात मी विसरणार नाही. करवतीसारखं ते यंत्र गरगरलं, कवच दोन फाकांत उघडलं, आणि आतून पांढुरका, खवले धरलेला, आंबूस वासाचा, एवढासा हात निघाला. दुसऱ्या हाताच्या शेजारी ठेवला तर मनगटाच्या वरचा भाग निम्मा वाटत होता. पाच आठवडे. स्नायू पाच आठवडे वापरला नाही तर असा होतो हे बघताना मला वारंवार ती बाकावरची चार वर्षं आठवत होती. तिचे पाय काही प्लास्टरमध्ये नव्हते, पण.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी तिला मुठीने दाबायचं एक यंत्र दिलं, डाव्या हाताने. मग जागेवरून दोन्ही पायांनी लांब उडी. लेकीने उडी मारली नाही. ती गुडघे वाकवायची, हात मागे न्यायची आणि परत सरळ उभी राहायची. तीनदा. तिला उडी मारायची कशी हेच आठवत नव्हतं, किंवा भीती वाटत होती, मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, हरकत नाही, टाचा उचलून खाली आपट. धप्प. तिथून सुरुवात.

हाड स्नायूच्या ओढीने आणि आदळण्याने बांधलं जातं, हे मला त्यांच्याकडून समजलं. चालणं हृदयाला चांगलं, पोहणं फुप्फुसांना चांगलं, पण हाडाच्या दृष्टीने चालणं म्हणजे रोजचंच ओझं, त्याला नवीन काही वाटत नाही, आणि पाण्यात तर भारच नाही. हाडाला अचानक, थोडासा, वेगवेगळ्या दिशेचा धक्का लागतो. आणि हाड पटकन कंटाळतं. शंभर उड्या सलग मारण्यात अर्थ नाही, दहा मारा, थांबा, परत दहा. आमचा क्रम असा ठरला: दहा-दहा उड्यांचे तीन हप्ते, आठवड्यातून चार दिवस, आधी जागेवर, मग पायरीवरून खाली, मग दोरी, मग एका पायावर. हातासाठी भिंतीवर रेटून दंड. पडण्याची शक्यता असलेले खेळ हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

आता साखरेचं, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. पहिल्या दिवशी उड्यांच्या आधी १६४. आम्ही दोघी दिवाणखान्यात, ती मोजत, मी हातात गोळ्या घेऊन आता पडेल, मग पडेल म्हणून बघत. उड्या संपल्या, साखर २१२. मी चक्रावले. व्यायामाने साखर उतरते ना? मी ताबडतोब उतरवायचा डोस दिला. रात्री दोनला ५८, आणि या वेळी मान ओली होती.

चूक माझी होती. छोट्या, जोरकस हालचालीत अंगातली ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात, त्यामुळे आकडा थोडा वेळ वर जातो आणि बहुतेक वेळा स्वतःच उतरतो. पुढे स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरत राहतात, आणि त्यासाठीची साखर रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत रक्तातून ओढली जाते. म्हणजे मी दिलेला डोस आणि स्नायूंची ओढ, दोन्ही एकाच वेळी लागू झाले. त्यानंतर खेळाच्या दिवशी रात्रीचं बेसल, म्हणजे हळूहळू काम करत राहणारं इन्सुलिन, किती कमी करायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं, आणि खेळून चढलेल्या साखरेला लगेच हात लावायचा नाही हेही.

बाकीचं पटापट सांगते. सुरू करण्याआधी ९० च्या खाली असेल तर आधी थोडं गोड. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासायचे, १.५ किंवा जास्त असतील तर खेळ बंद आणि आधी उपचार. आमच्याकडे एकदा १.८ आले होते, ती दुपारचा डोस विसरली होती. आधीच्या चोवीस तासांत मोठा हायपो होऊन गेला असेल तर त्या दिवशी सुट्टी. उड्या मारायच्या असतील तर त्याआधीचं इन्सुलिन मांडीत टोचायचं नाही, पायाकडे रक्त धावतं आणि ते लवकर चढतं; पोटात टोचायचं. हे आकडे आमच्या डॉक्टरांनी आम्हाला दिलेले आहेत, तुमच्या मुलाचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

शाळेत मी नवं पत्र घेऊन गेले. चार ओळींच्या जुन्या पत्राच्या जागी दोन पानं झाली: खेळण्याआधी आकडा कुठे बघायचा, गोळ्या कुठल्या कप्प्यात, हायपोत ती कशी दिसते (चिडते, मग गप्प होते), काय केलं की परत मैदानात सोडायचं. खेळाच्या सरांनी वाचलं आणि फाइलमधून माझं जुनं पत्र काढून त्याच्या मागे टाचायला घेतलं. लेक शेजारी उभी होती. तिने अक्षर ओळखलं.

"हे तू दिलं होतंस?"

"हो."

"मला वाटायचं शाळेचा नियम आहे."

घरी येईपर्यंत ती बोलली नाही. मीही नाही.

वर्षाने पुन्हा डेक्सा केला. त्याआधी घाई करण्यात अर्थ नसतो. उंचीचा हिशोब धरून उणे १.१ चा उणे ०.९. मी खूश झाले तर डॉक्टर म्हणाले, एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही बसू शकतो, शिवाय हे तिचं हाड भरण्याचंच वय आहे, तेव्हा उड्यांमुळे किती, दुधामुळे किती आणि वयामुळे किती हे कुणी सांगू शकत नाही. व्हिटॅमिन डी ३१ झालं. सरासरी ७.८, म्हणजे अजून आत यायची आहे. मुठीच्या यंत्रावर उजवा हात डाव्याच्या पुढे गेला. आणि लांब उडी तिने मारली, पट्टीने मोजली, मग परत मारली कारण पहिली तिला पसंत पडली नाही.

सध्याची तक्रार वेगळीच आहे. मैदानावर घामाने सेन्सरचा गोंद सुटतो, या महिन्यात दोन उखडले, एक तर सापडलाच नाही. वरून लावायची जादा पट्टी मिळते, पण त्या पट्टीने लेकीला पुरळ येतं. दुसरी कुठली कुणाच्या मुलाला मानवली असेल तर सांगा.